पिंप्राळ्याच्या सैल टोप्या

सपकाळे सिस्टरांनी टोपी टेबलावर ठेवली नाही. स्वतःच्या मुठीवर घातली आणि हात माझ्यासमोर धरला. टोपी मुठीवरून घसरली ती थेट मनगटावरच्या घड्याळापाशी जाऊन थांबली.

"आज सकाळी ही एका बाळाच्या नाकावर आली होती. मी वेळेवर पाहिलं म्हणून बरं," त्या म्हणाल्या. "बाकीच्याही अशाच आहेत. मी सगळ्या काढून ठेवल्यात."

नमुना मीच लिहिला होता, मीच तपासला होता, आणि माल पास केल्याची सहीही माझीच होती.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी जळगावला महिलांच्या एका प्रशिक्षण केंद्रात विणकामाची निदेशिका होते, धुळ्याहून बदली होऊन आलेली. निदेशिका म्हणजे शिकवणारी बाई. पण बाहेरून ऑर्डर आली की नमुना तयार करणं, घरी काम करणाऱ्या बायकांना तो समजावणं आणि आलेला माल पास किंवा नापास करणं, हेही माझ्याच गळ्यात. मी कडक होते. बायका माझ्या पाठीमागे मला 'टेपवाली' म्हणत हे मला माहीत होतं आणि त्याचं मला वाईट वाटत नसे.

ही ऑर्डर दवाखान्याची होती. सिस्टर तिथे बाळंतिणींच्या वॉर्डात होत्या. दिवस भरायच्या आत जन्मलेली, कमी वजनाची बाळं त्यांच्याकडे असत. ऊब द्यायची काचेची पेटी वॉर्डात एकच, आणि त्या वर्षी थंडीने कहर केला होता. जळगाव म्हटलं की लोकांना उन्हाळा आठवतो, पण पौषात इथे दात वाजतात. अशा बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि अंगातली बरीच ऊब डोक्यातून निघून जाते, हे मला सिस्टरांनीच समजावलं. डोकं झाकलेलं पाहिजे. मोसंबीएवढी डोकी ती. बाजारातली टोपी त्यावर बसायची नाही. म्हणून त्या आमच्याकडे आल्या.

आता गेज म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. क्रोशात एका सुईने खांब घालत जायचं असतं. खांब म्हणजे एक उभा टाका. एका इंचात असे किती खांब बसतात, ते गेज. प्रत्येकीचा हात वेगळा. कुणी लोकर ओढून घट्ट घालते, कुणी सैल सोडते. सांगितले तेवढेच खांब घातले तरी घट्ट हाताची टोपी लहान होते आणि सैल हाताची मोठी. म्हणून आधी तळहाताएवढा चौकोनी तुकडा विणायचा, त्यावर पट्टी ठेवून मोजायचं, आणि गेज जुळलं तरच टोपीला हात घालायचा. या तुकड्याचा बायकांना भारी कंटाळा. टोपी सांगितली तर हे पायपुसणं कशाला, असं मला तोंडावर विचारायच्या. मी ऐकत नसे. तुकडा नाही तर काम नाही.

पहिल्या टोप्या मी स्वतः विणल्या होत्या. त्या वॉर्डात नेऊन दोन-तीन बाळांना घालून पाहिल्या, झकास बसल्या. त्यातलं एक बाळ सिंधूचं. सिंधू चोपड्याकडची, एका शेतकरी घरातली सून. तिचं पहिलं बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं होतं, आणि हे दुसरं आठव्या महिन्यातच आलं होतं. तिची सासू खाटेशेजारी बसून असायची आणि सिंधू त्या बाळाकडे अशी बघत राहायची, जणू पापणी लवली तर ते नाहीसं होईल. मला ते बघवलं नाही. टोपी घालून मी लवकरच निघाले.

त्यात एक भानगड झाली होती. सिस्टर पाठमोऱ्या झाल्या की बाळांच्या आया माझ्या टोप्या काढून उशीखाली ठेवत. सिस्टर घालायच्या, त्या काढायच्या. विचारलं तर माना खाली. सिस्टरांना वाटलं बाळाला टोचत असेल, मला वाटलं अडाणीपणा. आम्ही दोघींनी तो विषय तिथेच सोडला.

मग जळगावला लागूनच असलेल्या पिंप्राळ्यातल्या बायकांना काम दिलं. त्यांची पुढारी कमलअक्का. साठीच्या आसपासची, अमळनेरकडून आलेली, बोलणं अस्सल अहिराणी आणि हात असा की टाका टाक्याला जुळा. सगळ्यांचे तुकडे आले, गेज जुळलं, टोप्या आल्या. मी खांब मोजले, बरोबर भरले. आकार थोडा मोठा वाटला, पण लोकर आखडते, बाळाच्या डोक्यावर बसेल, असं म्हणून पाठवून दिल्या. गंमत अशी की या टोप्या आया काढत नव्हत्या. आता टोप्याच आपणहून उतरत होत्या.

सिस्टर गेल्या आणि मी भोळे साहेबांकडे गेले. साहेब आमचे अधीक्षक. माणूस वाईट नाही, पण कुठलंही काम त्याच दिवशी फायलीत जावं एवढीच त्यांची इच्छा.

"नाडी घालून टाका खालून. झालं," ते म्हणाले.

"साहेब, तान्ह्या बाळाच्या गळ्याशी नाडी?"

"मग रबर."

"रबराने वळ उठेल. कातडी कागदासारखी असते त्यांची."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, टोपी आहे ती. विमान नाही. उद्यापर्यंत काहीतरी करा."

मी बाहेर आले ती पाय आपटत. माझं पित्त खवळलं होतं ते मुख्यतः टोप्यांवर. खांब बरोबर, सुई बरोबर, तुकडा बरोबर आणि टोपी चूक, असं होतं कसं? मी एक टोपी घेऊन तिच्यावर पट्टी ठेवली. तुकड्यात एका इंचात जितके खांब होते त्याहून टोपीत कमी. म्हणजे हात सैल पडला. पण त्याच बाईने तोच तुकडा त्याच हाताने विणला होता. आणि एकीचा हात सैल पडेल, सगळ्या जणींचा एकदम कसा पडेल?

अक्कासकट सगळ्यांना केंद्रात बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर टोप्या विणायला बसवलं. बोलायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. संध्याकाळपर्यंत टोप्या झाल्या. मी टेप लावला. एकूण एक टोपी बरोबर. मी निःश्वास टाकला. लोकरीची टोकं आत लपवायची तेवढी राहिली होती. अक्का म्हणाली, ते घरी करून आणून देतो. मी हो म्हटलं.

निम्म्या टोप्या परत आल्या त्या सैल, उरलेल्या मागाहून येणार होत्या.

मी कपाळाला हात लावला. टोकं लपवताना टोपी मोठी होत नसते. जे काही होत होतं ते पिंप्राळ्यात होत होतं. त्याच दुपारी रिक्षा केली आणि अक्काचं घर गाठलं. जाताना मनात वाक्यं जुळवत होते. आता कुणाचीही गय करायची नाही, असं ठरवूनच गेले होते.

घरासमोर ऊन पडलं होतं. तिथे अक्काची नात मंगल पेरू खात बसली होती. पाच वर्षांची, गालांनी लालेलाल, दणकट पोरगी. तिच्या डोक्यावर माझी टोपी होती. मोसंबीएवढ्या डोक्याची टोपी त्या पोरीच्या तेल लावलेल्या डोक्यावर ताणून, खेचून, कानांच्या वरपर्यंत बसवलेली. खांबाखांबांमधून तिचे केस दिसत होते. पलीकडच्या ओट्यावर शेजारणीची दोन पोरं, त्यांच्याही डोक्यावर तेच. आणि दोरीवर दोन धुतलेल्या टोप्या ओल्याच लोंबत होत्या, पाण्याच्या वजनाने लांब झालेल्या.

मी दारातच ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. दवाखान्याचा माल, तान्ह्या बाळांच्या टोप्या, आणि तुम्ही त्या पोरांना खेळायला देता, असा एकूण मतलब. अक्का आतून आली. माझं सगळं ऐकून घेतलं. मग तिने मंगलच्या डोक्यावरची टोपी हळूच काढली, झटकली आणि हातात धरली.

"खेळाले नही दिनी, बाई. उतराडाले दिनी," ती म्हणाली. "बारसाना आधी लेकरूले नवं घालतस नही."

आणि मग तिने मला सांगितलं. खेड्यात बारसं होईपर्यंत बाळाच्या अंगावर नवं कापड चढवत नाहीत. जुन्या धोतराचं, जुन्या लुगड्याचं घालतात, किंवा दुसऱ्या धडधाकट लेकराच्या अंगावरून उतरलेलं. ते लेकरू जसं वाढलं तसं हेही वाढावं. दवाखान्यातल्या बाळांचं बारसं कुठून होणार? घरी जातील तेव्हा होईल. तोवर नवं नाही. म्हणून आया माझ्या कोऱ्या टोप्या काढून ठेवत होत्या. हे अक्काला वॉर्डात बाळंतिणीला भेटायला गेलेल्या एका बाईकडून आधीच कळलं होतं, आणि या बायकांनी आपसांत ठरवलं की टोपी झाली की आपल्या घरातल्या, कधी आजारी न पडलेल्या पोराच्या डोक्यावर दोन दिवस ठेवायची. मग तेल निघावं म्हणून कढत पाण्यात धुवायची आणि द्यायची. आयांना निरोपही गेला होता की टोप्या उतरलेल्या आहेत, घाला.

ही लोकर कृत्रिम धाग्याची, कढत पाण्यात ताणलेली असताना घातली तर ताण तसाच राहतो. पुन्हा आखडत नाही. माझं गेज तिथे गेलं होतं.

"मला सांगायचं नाही का अक्का?" मी विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता.

"तुम्ही हासतात," ती म्हणाली. "मनी आंडेरना पोऱ्याले मी हाऊसमां नवी टोपी घाली व्हती. चौथा दिन चालना गया तो. टोपीवरी गया नही, ते माले बी समजस. पण घालनारा हात मना व्हता, बाई."

मुलीच्या बाळाला तिने हौसेने नवी टोपी घातली होती, आणि चौथ्या दिवशी ते गेलं होतं; टोपीमुळे नव्हे हे तिलाही कळत होतं, पण घालणारा हात तिचा होता. मी ओट्यावर बसले. मला तिचा राग येत होता आणि तिच्याजवळून उठवतही नव्हतं.

सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांचा पारा चढला. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पोरांची सर्दी, उवा, काय काय त्या टोपीतून वॉर्डात येईल. "या नवं-जुन्यावर माझा काडीचा विश्वास नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात कुणी मानत नाही." मग म्हणाल्या, "पण सिंधूच्या बाळाचे पाय आज सकाळपासून गार लागतायत. पेटी रिकामी नाही. फडकं बांधलं तर सुटतं. कोरी टोपी घातली तर सासू काढते. तुमची सैल घातली तर नाकावर येते. मला डोक्यावर राहील अशी टोपी पाहिजे, बाई. ती राहण्यासाठी तुम्ही काय करता ते मी विचारणार नाही. फक्त माझ्याकडे येण्याआधी ती कढत पाण्यातून निघालेली पाहिजे."

म्हणजे आता अटी अशा. टोपी कोरी नको, कुणाच्या डोक्यावर चढवलेली नको, आणि कढत पाण्यात घालूनही मापात राहिली पाहिजे. माझी अडचण अशी की लोकांची समजूत बदलायला माझ्याकडे वेळ नव्हता. बाळाकडे त्याहून नव्हता.

सुचलं ते रिक्षात, आणि सुचलं तेव्हा इतकं साधं वाटलं की स्वतःचाच राग आला. लोकर दुकानातून येते ती लडीत, म्हणजे सैल वेटोळ्यात. विणण्याआधी तिचा गुंडा करावा लागतो. त्यासाठी घरातलं एखादं पोर समोर बसवतात, त्याच्या दोन हातांत लडी अडकवतात आणि आपण गुंडाळत जातो. प्रत्येक घरात हे होतं. टोपी अंगावरून उतरवायची कशाला? लोकरच उतरवली तर?

मी परत पिंप्राळ्याला गेले आणि अक्कासमोर हे मांडलं. टोपी चढवू नका. लडी मंगलच्या हातांवर चढवा, तिच्या अंगावरून गुंडा काढा. सबंध धागा तिच्या हातांवरून जाईल. त्याला कोरं कसं म्हणणार?

अक्का लगेच हो म्हणाली नाही. तिने लडी हातात घेतली, उलटसुलट केली. शेजारणीशी अहिराणीत काहीबाही बोलली. मला वाटलं आता ही नाही म्हणणार. मग तिने मंगलला हाक मारली, तिचे हात साबणाने धुतले, पुसले, तिला समोर बसवलं आणि गुंडा करायला घेतला. त्या वेळी ती काहीतरी पुटपुटत होती. मी विचारलं नाही.

माझं काम पुढे होतं. आजवर मी तुकडा विणल्याबरोबर मोजत आले होते. या वेळी तुकडा विणला, वॉर्डात घालतील तितक्या कढत पाण्यात घातला, पिळला नाही, दोरीवर टाकला नाही, पंच्यावर सपाट पसरून वाळू दिला आणि मग पट्टी ठेवली. न ताणतासुद्धा गेज थोडं सैल झालं होतं. म्हणजे कुणी हात लावला नसता तरी धुतल्यावर माझी टोपी मोठीच झाली असती. मी नमुना बदलला. टोपी शेंड्यापासून गोल विणतात आणि रुंदी येण्यासाठी प्रत्येक गोलात खांब वाढवत जातात. त्यातला वाढीचा एक गोल काढून टाकला. काठाला मुके खांब, म्हणजे बुटके घट्ट टाके घातले. अक्काने विणली, मी धुतली, मोजली. बरोबर भरली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वॉर्डात गेलो. सिंधू बाळाला छातीशी धरून बसली होती. बाळाचा रंग मला आवडला नाही. सिस्टरांनी टोपी घ्यायला हात पुढे केला, पण त्याआधी सासू उठून मध्ये आली. तिने टोपी घेतली, उजेडाकडे धरली. नवी दिसत होती. असणारच.

"कोना आंगवरनी शे?" तिने विचारलं.

मी तोंड उघडणार होते. सिस्टरांनी माझा दंड दाबला.

"मनी नातना हातवरनी लोकर शे," अक्का म्हणाली. "पाच वरीसनी शे. तिनी दवाखाना दखेल नही."

सासूने अक्काच्या तोंडाकडे पाहिलं. मग टोपीकडे. वॉर्डातल्या इतर खाटांवरच्या बायकाही आता बघत होत्या. शेवटी सासूने टोपी सिंधूच्या हातात दिली आणि सिंधूने ती स्वतः बाळाच्या डोक्यावर चढवली. कानांवरून खाली, भुवयांच्या वर. तिथेच राहिली. सिस्टर थोड्या वेळाने परत येऊन गेल्या, टोपी जागेवर होती. संध्याकाळी त्यांनी केंद्रात फोन करून सांगितलं की पाय कोमट लागतायत. एवढं एकच वाक्य. मी साहेबांच्या खोलीत उभी होते, फोन तिथेच होता, आणि मला साहेबांसमोर रडू आलं. त्यांनी फाईल उघडून तिच्यात डोकं घातलं.

सगळी बाळं वाचली असं मात्र नाही. त्याच थंडीत एक मुलगी गेली. टोपी डोक्यावर नीट बसलेली होती, लोकर मंगलच्याच हातांवरून उतरलेली. सिस्टर म्हणाल्या, फुप्फुसं तयार नव्हती, कुणाच्याच हातात काही नव्हतं. अक्काला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. मला वाटलं ती सुई ठेवून देईल. तिने ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, टोपी जगवते असं मी कधी म्हटलं होतं का? आपल्या हातात घालणं आहे, तेवढं आपण करायचं. आणि दुसऱ्या दिवशी ती लडी घेऊन बसली.

सिंधूचं बाळ हळूहळू वजन धरत गेलं. थंडी ओसरताना ते घरी निघालं. निघायच्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. सासूने बाळाला आपल्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलं, डोक्यावरची टोपी काढली आणि पलीकडच्या खाटेवर आदल्या दिवशी आलेल्या एका पोरसवदा आईपाशी गेली. तिच्या उशाशी मी विणलेली, धुतलेली, मापात बसवलेली टोपी होती. सासूने ती बाजूला सारली आणि आपली तिच्या ओंजळीत ठेवली.

"हाई घाल," ती म्हणाली. "जगेल लेकरूनी शे." जगलेल्या लेकराची.

सिस्टरांनी ती टोपी तिच्या हातून घेतली, कढत पाण्यातून काढली, वाळवली आणि दुसऱ्या दिवशी मुकाट त्याच बाळाला घातली. पुढे वॉर्डात त्या एका टोपीची मागणी लागली. बाकीच्या टोप्या होत्या, चांगल्या होत्या, पण आया तीच मागत. दर धुण्याला ती जराशी सैल होई. मग सिस्टर ती माझ्याकडे पाठवत, मी काठ उसवून पुन्हा घट्ट घालून देत असे. तिच्यावर मी पट्टी कधी ठेवली नाही.

नंतर बरीच वर्षं मी शिकवलं. मुलींना सांगत आले की तुकडा विणल्यावर मोजू नका, धुऊन, वाळवून मोजा. हे त्यांना पटायचं. दुसरी गोष्ट सांगितली की त्या हसायच्या, तरी सांगायची सोडली नाही: मापात आलेली टोपी ही निम्मीच झालेली असते. उरलेली निम्मी, ती आई डोक्यावर राहू देते की नाही यावर ठरते, आणि ते विचारायला आपल्यालाच उठून जावं लागतं.